मोठी गोळी आणि तिचा खर्च

आमच्या बोदवडच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता कापसाच्या व्यापारात आहे, मध्यंतरी आम्हांस एक विलक्षण प्रश्न विचारला. "सर, रिव्हॉल्वर घ्यावयाचे तर मोठ्या गोळीचे घ्यावे असे म्हणतात; पण नेमाचा सराव खिशाला परवडला पाहिजे. मग कोणते घ्यावे?" आमचा प्रांत इतिहासाचा, शस्त्रे आम्ही पाहिली ती बहुतेक संग्रहालयांतील काचेआड. परंतु विचार करता असे दिसले की, हा प्रश्न त्या गृहस्थाचा एकट्याचा नव्हे. इंग्रजांच्या सैन्याने या एका प्रश्नात जवळजवळ ऐंशी वर्षे घालविली, आणि त्या कथेचा आरंभ आपल्याच देशात झाला आहे.

इ. स. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अमेरिकेचा कोल्ट आणि इंग्लंडचा ॲडम्स या दोघांचीही रिव्हॉल्वरे मांडली गेली. त्या काळी गोळीचे माप सांगण्याची रीत मोठी बोलकी होती. एक पौंड शिशाच्या जितक्या गोळ्या होतील तितका त्या शस्त्राचा 'बोअर'. कोल्टच्या 'नेव्ही' नमुन्याच्या गोळ्या पौंडाला शहाऐंशी, ॲडम्सच्या सैनिकी नमुन्याच्या चोपन्न. म्हणजे मापाच्या नावातच खर्चाचा हिशेब बसलेला! तो हिशेब फारसा जाचकही नव्हता. शस्त्राबरोबर गोळीचा साचा मिळे. शिसे वितळवावे, गोळ्या ओताव्यात, दारू ठासावी. विकत आणावयाची अडचण काय ती विस्फोटक टोप्यांची. आमच्या खानदेशातील भिल्लांच्या तोड्याच्या बंदुकीस तर टोपीही लागत नसे. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे खाजा नाईक व भीमा नाईक यांच्या भिल्लांनी कंपनीच्या फौजेशी जी झुंज दिली, तीत त्यांची तोड्याची बंदूक जुनाट ठरेल. पण तिच्या गोळीसाठी कोणत्याही कारखान्याच्या दारी जावे लागत नव्हते, हे विसरता कामा नये.

मोठ्या गोळीचा आग्रह जन्मला तो याच सत्तावनच्या धामधुमीत. बंगालच्या सैन्यातील फॉस्बेरी नावाचा अधिकारी, ज्याने पुढे स्वतःच एक स्वयंचलित रिव्हॉल्वर शोधून काढले, एक हकीकत सांगत असे. नेमबाजीचा अभिमान बाळगणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार उपसून चालून आला. अधिकाऱ्याने आपल्या कोल्टमधून शांतपणे गोळ्या झाडल्या. बहुतेक सर्व लागल्या. आणि तरीही त्या शिपायाने जवळ येऊन त्याचे मस्तक दुभंगले. ऐकणाऱ्या इंग्रजांनी यातून धडा घेतला तो गोळीच्या आकाराचा. आम्हांस मात्र त्या अनामिक शिपायाच्या निश्चयाचेच अधिक नवल वाटते. आणि त्याची बाजू कोणीच लिहून ठेवली नाही, याची खंतही वाटते. असो. त्या धड्याचा परिणाम म्हणून १८८७ साली इंग्रज सरकारने वेब्लीचे ०.४५५ इंच मापाचे रिव्हॉल्वर सैन्यासाठी स्वीकारले.

परंतु तोवर एक मोठा पालट होऊन गेला होता. दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एका धातूच्या काडतुसात बंद झाली. भरण्याची सोय वाढली खरी. पण साचा घरी राहिला आणि मनुष्य कारखान्याचा बांधील झाला. आपल्या इकडे त्याच सुमारास, म्हणजे १८७८ साली, शस्त्रांचा कायदा आला. युरोपियनांस तो बाधत नसे. हिंदी मनुष्यास मात्र परवाना हवा. त्या कायद्याच्या व्याख्येत शिसे, गंधक व सोरा यांचीही नावे होती, जेणेकरून सरकारला वाटल्यास या जिनसांवरही निर्बंध घालता यावा. ज्याने ते कलम लिहिले, त्यास साच्याचे महत्त्व पुरते ठाऊक होते!

इकडे वेब्लीची मोठी गोळी मालकालाही जड जाऊ लागली. तिचे वजन २६५ ग्रेन, म्हणजे पौंडभर शिशात सव्वीस. पण शिशापेक्षा महाग होता तो सराव. एवढ्या गोळीचा धक्का सोसून नेम धरावयास हात तयार करावा लागतो, आणि हात काडतुसे जाळल्यावाचून तयार होत नाही. पहिल्या महायुद्धात घाईने भरती झालेल्यांस तेवढा सराव देणे शक्य नव्हते. पुढे इंग्रज सैन्यानेच विचार बदलला, आणि १९३२ च्या सुमारास ०.३८ इंच मापाचे, २०० ग्रेन गोळीचे, वजनाने हलके एन्फील्ड रिव्हॉल्वर घेतले. युक्तिवाद सरळ होता: लागलेली मध्यम गोळी ही चुकलेल्या मोठ्या गोळीहून बरी.

ज्यांस मोठी गोळी सोडवेना, त्यांनी काटकसरीच्या नाना वाटा काढल्या. कोणी मोठ्या नळीत ०.२२ मापाची बारीक नळी बसवून स्वस्त काडतुसांवर हात बसविला. अमेरिकेत ०.३५७ 'मॅग्नम' रिव्हॉल्वर निघाले, त्यात ०.३८ 'स्पेशल'चे सौम्य आणि स्वस्त काडतूसही चालते, ०.४४ ची गोष्टही तशीच. आमच्या मते त्या प्रश्नाचे शुद्ध व्यवहारी उत्तर हेच होय: शस्त्र थोरल्या काडतुसाचे, सराव धाकट्याचा. उलट दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक जुनी वेब्ली रिव्हॉल्वरे अमेरिकेत स्वस्तात गेली, आणि ०.४५५ ची काडतुसे दुर्मिळ म्हणून त्यांच्या फिरत्या कोठीची मागची बाजू घासून तेथे सहज मिळणारे ०.४५ चे काडतूस बसविण्यात आले. त्या काडतुसाचा दाब जुन्या पोलादास पेलण्याजोगा नव्हे. तेव्हा ही काटकसर घेणाऱ्याच्याच हातावर उठण्याचे भय राहिले.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. त्यास हे सर्व सांगून झाल्यावर आम्ही शेवटी म्हणालो की, बाबा रे, निवड तुझ्या हाती फारशी नाहीच. सैन्याच्या वापरातील मापे सामान्य परवानेदारास निषिद्ध, ०.३८ आणि ०.४५५ ही दोन्ही त्यांतच येतात. म्हणून आपल्याकडे परवान्याचे रिव्हॉल्वर म्हणजे बहुधा कानपूरचे ०.३२. त्याची काडतुसेही परवान्यावर लिहिली असतील तितकीच मिळावयाची. मोठी गोळी परवडते की नाही, हा विचार करण्याची पाळीच येत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "सर, पण आमच्या बोदवडहून भुसावळला जाताना वाटेत वरणगाव लागते. तिथे तर काडतुसांचाच कारखाना आहे."

आहे खरा. १९६४ पासून आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतील कित्येक घरांची चूल त्यावर पेटत आली आहे. तेथे काडतुसे होतात ती मुख्यतः सैन्याच्या मापांची. त्याच्या चुलत्याने तेथे अनेक वर्षे नोकरी केली, असे त्याने आम्हांस सांगितले. आणि निवृत्तीनंतर त्या चुलत्याने घरात शस्त्र म्हणून ठेवली ती शेतावर रानडुकरे हाकण्याची काठी.