माळ्याचा निवडुंग
कॅलिफोर्नियांतील सॅन मरिनो येथें रेल्वेधनिक हेन्री हंटिंग्टन यांच्या मळ्यांतील एका उतारावर कांहींच नीट रुजेना. तेथें निवडुंग लावावा, असें १९०७ च्या सुमारास त्यांचे माळी विल्यम हर्ट्रिच यांनीं सुचविलें. धन्यांनीं नाक मुरडलें. लोहमार्गाच्या कामावर निवडुंगाच्या कांट्यांचा प्रसाद त्यांस पूर्वीं मिळालेला होता! हर्ट्रिच यांनीं चिकाटीनें संमति मिळविली व वाळवंटांतून झाडें आणविलीं. खोडापानांत पाणी सांठविणाऱ्या या वनस्पतींस तहान सोसते, मुळांशीं तुंबलेलें पाणी सोसत नाहीं. तेव्हां उतार त्यांस मानवला. ज्यांस आपण शेताच्या कुंपणाआंत येऊं देत नाहीं, अशा या झाडांच्या २,००० हून अधिक जाती आज तेथें सुमारें १० एकरांवर नांदतात. बागेस नांव धन्याचें आहे. श्रेय आम्ही माळ्यास देतों. हंटिंग्टन १९२७ सालीं वारले. हर्ट्रिच त्यानंतरही कित्येक वर्षें तेथेंच राबत होते.