विशेष आरोग्यगरजा असलेली बालके : उपचार-समन्वय व विमासंरक्षण

जन्मजात दोष, विकासातील विलंब, अपंगत्व किंवा दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांच्या तपासण्या, उपचार, थेरपी व खर्च यांची सांगड घालण्याची व्यवस्था. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात (जि. भंडारा) तिची सुरुवात अंगणवाडीतून होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा, तर शाळेतील मुले एकदा तपासते. दोष आढळल्यास मूल जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

विदर्भात अशा आजारांपैकी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांनाही अपंगत्वात स्थान दिले. मात्र निरामय हा आरोग्यविमा त्यांना लागू नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध अपंगत्व यांपुरताच तो आहे. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही येतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

हा फरक घराला जाणवतो: शस्त्रक्रिया योजनेतून विनाखर्च होते, पण दर आठवड्याच्या फिजिओथेरपीसाठी बुडालेली आईची मजुरी कुठल्याच दाव्यात बसत नाही. प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र समन्वयक नेमलेला नसतो; प्लास्टिकच्या पिशवीतले रिपोर्ट, रेशनकार्ड आणि दिव्यांग प्रमाणपत्र सांभाळणारी आईच ते काम करते. आशा सेविका तिला तारखांची आठवण देते.