नाताळची भिशी

सण एक दिवसाचा, पण त्याचा हिशेब वर्षभर चालतो. पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां शाळामास्तरांना हे कुणी सांगायला नको. साहेबाच्या देशातले गरीबही या विवंचनेतून सुटले नव्हते.

डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळच्या गोष्टीतील बॉब क्रॅचिट हा आठवड्याला १५ शिलिंग मिळवणारा कारकून. त्याची पोरे नाताळचा हंस पाववाल्याच्या भट्टीतून भाजून आणतात. अशाच कुटुंबांसाठी तेथे दारूच्या गुत्त्यांतून ‘गूज क्लब’ चालत. आठवड्याला काही पेन्स भरावेत आणि नाताळला हंस घरी न्यावा. पुढे १९०९ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल गावी, मर्केल लँडिस या खजिनदाराने आपल्या ट्रस्ट कंपनीत नाताळची बचत सुरू केली. आपल्या भिशीची ही चुलत बहीणच. फरक एवढाच, की येथे सर्वांची पाळी एकदम येते!

पण अशी शिल्लक उभी असते ती विश्वासावर. १३ ऑक्टोबर २००६ रोजी ब्रिटनमधील ‘फेअरपॅक’ बुडाली. ती बँक नव्हती. म्हणून ठेवींना बँकेसारखे संरक्षण नव्हते. लाखाहून अधिक लोकांची नाताळची पुंजी अडकली, आणि कित्येक वर्षांनी सुमारे निम्मीच हाती आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे गोळा करणाऱ्या बायांनी मग कोणत्या तोंडाने त्यांच्या दारी जावे?

वाचकहो, पै-पै जरूर साठवावी. मात्र ती कुणाच्या पेटीत पडते, हे आधी विचारावे.