मणक्यातलं पाणी आणि सुईचं टोक

डॉक्टर मणक्यातलं पाणी तपासायचं म्हणाले की घरच्यांचा पहिला प्रश्न, "कायमचं अधू तर नाही ना होणार?" मंडळी, सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये टोचतात, मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो. १८९१ साली जर्मनीतल्या कीलमध्ये क्विंकेने ही पद्धत रूढ केली. नेहमीचा त्रास निराळाच: डोकेदुखी.

तिचा किस्सा भारी आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये कीलमध्येच सर्जन आउगुस्ट बीअरने मणक्यात कोकेन देऊन बधिरता येते का, ते स्वतःवरच बघायचं ठरवलं. पण सिरिंज सुईवर बसेना, पाणी बरंच वाहून गेलं. मग सहकारी हिल्डेब्रांट आडवा झाला. नडगीवर हातोडी हाणली तरी पठ्ठ्या ढिम्म! बीअरचं डोकं मात्र नऊ दिवस दुखलं, आडवं पडलं की थांबायचं. पाणी कमी झाल्याने हे होतं, हे त्याने ताडलंही.

१९५१ मध्ये अमेरिकेत हार्ट आणि व्हिटेकर यांनी पेन्सिलीसारख्या टोकाची सुई आणली. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने ११० चाचण्यांचा हिशोब छापला: धारदार सुईने डोकेदुखी ११ टक्के, बोथट टोकाच्या सुईने ४.२. पहिल्याच प्रयत्नात जमण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. तरी वापर तुटपुंजाच, असंही त्यात लिहिलंय.

आमच्या भाषेत, पॅच तयार होऊन तेव्हा ६७ वर्षं झाली होती, तरी डीफॉल्ट फारसं बदललं नव्हतं!

तेव्हा मेंदूज्वराची शंका असेल तर भीतीपोटी तपासणी टाळू नका. "सुई कुठली वापरणार?" एवढं मात्र जरूर विचारा.