वजन नसलेल्या पत्राचा औंस

टपालाचा दर कशावर ठरावा? १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला मोजावे लागत. १८३७ मध्ये रोलंड हिल यांनी हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढाच निघाला! खर्च वाढत होता तो नोंदी ठेवण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात. १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, एक पेनी असा दर झाला. पैसे आधीच भरायचे. वर्षाला ७.६ कोटी असलेली पत्रे १६.९ कोटींवर गेली.

१९८३ मध्ये अमेरिकेत ‘एमसीआय मेल’ ही व्यापारी ई-मेल सेवा सुरू झाली. विंटन सर्फ यांनी तिची तांत्रिक उभारणी केली. पत्राला वजन नव्हते, तरी माप औंसाचेच घेतले गेले: ७,५०० अक्षरचिन्हे म्हणजे एक औंस, दर एक डॉलर. पत्र घेणाऱ्याला मात्र काही पडत नसे.

१९८९ मध्ये ही सेवा इंटरनेटला जोडली गेली. तिथे पत्रागणिक आकार नव्हता. जोडणीचा खर्च संस्था एकत्रित सोसत. पुढे हीच पद्धत रुळली. २००३ मध्ये एमसीआय मेल बंद झाली.

पाठवणे जवळजवळ फुकट झाले, तशी नको असलेल्या पत्रांची रास वाढली. ती निवडण्यात वेळ जातो तो घेणाऱ्याचा. म्हणजे १८४० पूर्वीसारखी किंमत पुन्हा त्यालाच पडते. ती कोणी सोसावी, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.