गर्भवतीचा रक्तक्षय : गोळी मध्येच का सोडू नये?

गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे ११ ग्रॅमपेक्षा कमी झाल्यास तिला रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, आहे असे मानतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त होत्या. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

गर्भ, वार आणि मातेचे वाढते रक्त यांसाठी नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. केवळ आहारातून ही गरज भागणे कठीण असते. थकवा, धाप, धडधड, फिकट पापण्या या लक्षणांकडे ‘गरोदरपणात असे व्हायचेच’ म्हणून दुर्लक्ष होते. मात्र त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा व कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. प्रसूतीतील रक्तस्राव तर अशा मातेच्या जिवावर बेतू शकतो.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार प्रत्येक गर्भवतीने चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. प्रसूतीनंतरही ती १८० दिवस सुरू ठेवावयाची असते. सौम्य वा मध्यम रक्तक्षयात रोज दोन गोळ्या दिल्या जातात. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली गेल्यास शिरेतून लोह देतात. ५ ग्रॅमखाली गेल्यास तातडीने रुग्णालयात दाखल करून रक्त देण्याची सोय करावी लागते.

गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. तरीही मळमळ, बद्धकोष्ठता किंवा काळ्या रंगाचे शौच यांमुळे अनेकजणी त्या परस्पर बंद करतात. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो. त्याची भीती बाळगू नये. मळमळत असल्यास गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व मात्र लोह शोषण्यास साहाय्य करते.

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही, तर थॅलेसेमिया वा ‘ब-१२’ची कमतरता आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ते वाढले, तरीही गोळी सोडू नये. रक्तातील आकडा आधी सुधारतो. शरीरातील लोहाचा साठा भरून निघण्यास त्यानंतरही काही महिने लागतात.