उरवडे परिसरातील मालमोटार-चालक आणि मालकाची निवड

मुळशी तालुक्यातील उरवडे-पिरंगुट भागात कारखाने आले आणि मालमोटारींची वर्दळ वाढली. चालक कोणाची गाडी पत्करतो, हा प्रश्न वरवर पगाराचा वाटतो. त्याची मुळे मात्र कायद्याच्या इतिहासात आहेत.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने चालकाचे काम दिवसास ९ व आठवड्यास ५४ तासांपुरते मर्यादित केले होते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने ही मर्यादा ८ व ४८ तासांवर आणली आणि वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. तथापि, सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, पाचांहून कमी कामगारांचा धंदा या अधिनियमाबाहेर राहिला; आणि मालवाहतूक तर पुष्कळशी एकदोन गाड्यांच्या मालकांच्याच हाती! मोठ्या कंपनीत रजा व हजेरीपट, तर लहान मालकाकडे अडीनडीची उचल, अशी ही निवड होती. उचल हा आधार खरा, परंतु ती फिटेपर्यंत मालक सोडणे अवघड.

अधिनियमातील एक तपशील विशेष बोलका आहे. अंतिम स्थानकावर नुसते हजर राहण्याचा काळ १५ मिनिटांहून कमी असेल, तरच तो कामाच्या तासांत धरला जाई. कारखान्याच्या फाटकापुढे माल उतरण्याची वाट पाहण्यात मात्र अर्धा-अर्धा दिवस जातो. म्हणूनच अनुभवी चालक पगाराआधी विचारतो तो खोळंब्याचा भत्ता.